आधी कपाट, मग रायफल

आमच्या क्लबात नवीन आलेला माणूस मला पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "सुरुवात कोणत्या रायफलीने करू?" मी म्हणते, "कोणत्याच नाही. आधी कपाट घे." त्याचं तोंड एवढंसं होतं. इंटरनेटवर रात्रंदिवस व्हिडिओ बघून कुठल्या सैन्याने कुठल्या युद्धात काय वापरलं ते तो पाठ करून आलेला असतो, आणि लोकरीची टोपी कानापर्यंत ओढून नाक पुसत उभी असलेली एक बाई त्याला कपाटाच्या गोष्टी सांगते. काही जण पुढच्या रविवारी दिसत नाहीत. न दिसोत. ज्याला रिकामं कपाट घरी आणायचा कंटाळा येतो, त्याला भरलेलं कपाट सांभाळायचा त्याहून जास्त येणार.

मी मूळची नागपूरची. गेली कित्येक वर्षं आयर्लंडमधल्या मलिंगारला राहते, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि सैन्यांनी निकालात काढलेल्या जुन्या रायफली जमवते. नवीन शस्त्रं आली की प्रत्येक देश जुनी विकून टाकतो. जाड ग्रीसमध्ये बुडवलेल्या, अंगभर शिक्के आणि आकडे कोरलेल्या, कुणाच्या तरी खांद्यावर झिजलेल्या त्या रायफली दुकानदारांच्या हातांतून फिरत फिरत आमच्यासारख्यांच्या घरी येतात. माझ्याकडे तीनच आहेत. नवऱ्याच्या मते तीन म्हणजे फार झाल्या. तो स्वतः कॉफी करायची पाच यंत्रं ओट्यावर मांडून बसतो, त्यामुळे या विषयावर त्याचं मत मी विचारात घेत नाही.

नागपूरला भावाला हा छंद पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो घाबरून म्हणाला, "तिकडे एवढी गुंडगिरी आहे का गं?" त्याची चूक नाही. आपल्याकडे बंदुकीचं लायसन्स म्हणजे जिवाला धोका, नाहीतर मोठी शेती, नाहीतर मोठी मिजास. म्हणून आपली माणसं इथे अर्ज करताना कारण विचारलं की छाती पुढे काढून सांगतात, "आत्मसंरक्षण." झालं. इथे ते कारण तोंडातून निघालं की अर्जाचं तिथेच श्राद्ध. मी नवीन मराठी पोरांना आधीच दम देते. नेमबाजी म्हणा, संग्रह म्हणा, जुन्या यंत्रांचं वेड म्हणा, आणि ते खरं असेल तरच म्हणा. पण संरक्षण हा शब्द काढाल तर माझ्याकडे परत येऊ नका.

मला या नादाला लावलं ते शेजारच्या म्हातारबांनी. आयुष्यभर सुतारकाम केलेले, एकटे राहणारे, तरुणपणी इथल्या राखीव सैन्यात कवायत केलेले गृहस्थ. आमची ओळख कुंपणावरून झाली. ते मागच्या अंगणात एका रायफलीच्या नळीत किटलीतून उकळतं पाणी ओतत होते आणि मी धुतलेले कपडे हातात धरून बघत राहिले. जुन्या काडतुसांच्या बुडातल्या स्फोटकाचे क्षार मागे राहतात, ते गरम पाण्यानेच निघतात, नाहीतर नळी आतून गंजते, हे त्यांनी मला इतक्या सहजपणे सांगितलं की जणू मी रोज बंदुका धुते. नंतर माझ्यासमोर चहा करायला तीच किटली पुन्हा भरली. तो चहा मी प्यायले.

तर दोन वर्षांमागे या म्हातारबांनी ठरवलं की आता पुरे. त्यांचे हात थरथरायला लागले होते. कुणी सांगितलं नव्हतं, डॉक्टरही काही बोलला नव्हता. एका रविवारी मैदानावर आडवे होऊन त्यांनी नेम धरला, बराच वेळ धरून ठेवला, मग गोळी न झाडताच उठले आणि रायफल पिशवीत घातली. परतताना गाडीत मला म्हणाले, "परवान्याची मुदत संपेल तेव्हा मी तो पुन्हा काढणार नाही. त्याआधी सगळ्यांना घरं शोधायची." सगळ्यांना म्हणजे रायफलींना.

त्यांच्या चांगल्या रायफली आठवड्याभरात गेल्या. लोक टपूनच बसले होते. उरली ती एक. ती हिंदुस्थानात बनलेली, बंगालातल्या कारखान्यातली. तिचे भाग चार वेगवेगळ्या रायफलींतून आलेले, कुठलाच आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, लाकूड काळवंडलेलं, आणि पुढच्या लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू. लाकूड फाटू नये म्हणून तो कारखान्यातच घालत, पण इथल्या शौकिनांना तो बघितला की उलटी येते. दुकानदाराने स्पष्ट सांगितलं, मी घेतो, पण सुटी करून भाग विकेन, अख्खी कुणी घेणार नाही. म्हातारबांनी नकार दिला. त्यांनी जमवलेली ती पहिली रायफल होती, आणि तिच्यावरचा प्रत्येक स्क्रू त्यांनी स्वतः काढून पुन्हा बसवला होता. मुदतीच्या आत परवाना असलेला कुणी मिळाला नाही, तर ती पोलिस ठाण्यात जमा होणार आणि तिथून कापायला जाणार. ते हे अगदी शांतपणे सांगायचे, आणि मला रात्री झोप लागायची नाही. मी घ्यावी तर माझ्या कपाटात जागा नाही, आणि माझ्या परवान्यावर चौथी चढवायला पोलिसांतले वरिष्ठ राजी नव्हते.

तेवढ्यात ही पोरगी भेटली. गॉलवेला गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी हसत हसत माझी ओळख करून दिली, "या बंदूकवाल्या काकू." सगळे हसले, ही हसली नाही. अकोल्याची, गॉलवेत शिकून तिथेच वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत लागलेली. प्लेट हातात धरून मला म्हणाली, "काकू, शाळेत एनसीसीत आमच्याकडे थ्री-नॉट-थ्री होती. काडतूस आत ढकलणारा तिचा बोल्ट पुढे सरकताना जो आवाज यायचा ना, तो मला अजून आठवतो." मी म्हटलं, पहिलं म्हणजे काकू म्हणू नकोस. दुसरं, पुढच्या रविवारी ये. ती रविवारी आली आणि काकूच म्हणाली. मी हात टेकले.

नवशिक्यांना मी पहिल्या दिवशी गोळी झाडू देत नाही. चिंध्या देते, रॉकेलसारखं एक साफ करायचं द्रव्य देते, आणि ग्रीसने माखलेला एखादा भाग समोर ठेवते. बहुतेकांची नखं काळी झाली की उत्साह ओसरतो. ही दुपारभर बसली. ग्रीस निघत गेलं तसे शिक्के दिसायला लागले आणि ती एकेक शिक्का मोबाइलच्या उजेडात वाचत गेली. म्हणाली, "आमच्या कंपनीत पण प्रत्येक पार्टवर असंच असतं. कुणी तपासला, कधी तपासला. माणूस गेला तरी त्याचा शिक्का राहतो." मला ती तेव्हाच आवडली. तिला मी तसं सांगितलं नाही, लगेच डोक्यावर बसतात.

संध्याकाळी तिला म्हातारबांकडे नेलं. त्यांनी ती कुरूप रायफल टेबलावर ठेवली. पोरीने विचारून हात लावला, ती रिकामी आहे याची खात्री केली, मग बोल्ट मागे ओढून पुढे सरकवला. त्या आरपार गेलेल्या स्क्रूवर तिने बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "अगदी हीच, काकू." म्हातारबांना मराठी येत नाही. त्यांना भाषांतराची गरजही पडली नाही. ती हात धुवायला आत गेली तेव्हा मला म्हणाले, "हिला परवाना मिळेल?"

मिळेल, मी म्हटलं. वेळेत मिळेल का, ते देव जाणे.

मग मी कंबर कसली. क्लबचं सभासदत्व, सुरक्षिततेचं शिक्षण, ओळख देणारी दोन माणसं, सगळं ओळीने करायला लावलं. आणि माझा नियम, आधी कपाट. भिंतीत बोल्ट ठोकून बसवलेलं, जाड पोलादी पत्र्याचं, दोन किल्ल्यांचं. अर्ज आत गेला की इथला पोलिस, ज्याला गार्डा म्हणतात, घरी येऊन ते कपाट बघतो. म्हणून पोरीने रायफलीच्या कितीतरी आधी कपाट आणलं आणि घरात जी एकच रिकामी भिंत होती तिच्यावर बसवलं. ती भिंत पाहुण्यांच्या खोलीत होती. आणि त्याच आठवड्यात अकोल्याहून तिची आई तीन महिन्यांसाठी आली.

आता मला सांगा, आपल्याकडची कुठली आई भिंतीत पक्कं बसवलेलं, कुलपाचं, नवंकोरं लोखंडी कपाट आपल्याच खोलीत रिकामं बघेल आणि रिकामं राहू देईल?

गार्डा येणार त्या दिवशी मी रजा टाकून गॉलवेला गेले. पोरीला धीर द्यायला गेले असं मी सांगते. खरं तर मलाच घरी बसवलं नसतं. गार्डा ट्रली गावाकडचा होता, तरुण, अंगाने आडवा, बोलायला मऊ. चहा नको म्हणाला, मग घेतला. आई त्याला बघून जरा बावरल्या होत्या पण डोक्यावर पदर घेऊन त्यांनी पोहे पुढे केले. सगळं छान चाललं होतं. मग तो म्हणाला, "चला, कपाट बघू या."

पोरीने किल्ल्यांसाठी कपाटाच्या माथ्यावर हात फिरवला, मग उशाखाली, मग आईकडे बघितलं. आईंनी सहज कमरेचा जुडगा काढला. दोन्ही किल्ल्या त्यात होत्या. त्यांनी स्वतःच पुढे होऊन दार उघडलं, आणि पाहुण्याला घर दाखवावं तशा बाजूला सरकल्या.

आत दोन भारी साड्या होत्या, डांबराच्या गोळ्यांसकट. पासपोर्ट आणि परतीचं तिकीट होतं. रुमालात बांधलेलं सोनं होतं. आणि जिथे रायफल उभी राहायची तिथे, अगदी मापाचा, डिंकाच्या लाडवांचा डबा. "ठेवला नसता तं हिनं एका दिवसात फस्त केला असता," आई मला म्हणाल्या. "म्हून कुलपात घातला."

मला हसूही आलं आणि डोक्यात तिडीकही गेली. गार्डा हसला नाही. बिचारा खूप वेळ त्या डब्याकडे बघत राहिला. मग त्याने पोरीला शांतपणे सांगितलं की परवाना ज्याच्या नावावर, किल्ली फक्त त्याच्याच हातात पाहिजे. घरातल्या दुसऱ्या कुणाला ती कुठे आहे हे माहीतसुद्धा असता कामा नये. इथे दोन्ही किल्ल्या दुसऱ्या माणसाकडे आहेत, तेव्हा आज मी याला हो म्हणू शकत नाही. "पुन्हा येईन," म्हणाला. कधी, ते बोलला नाही.

आईंना मी ते सांगितलं तेव्हा त्यांना खरंच कळेना. "मी काय परकी हाय का?" त्या म्हणाल्या. "त्याले सांगा ना ताई, चावी माह्यापाशी होती म्हणजे घरात सगळ्यात जपून होती." मी सांगितलं. गार्डा म्हणाला, मला त्यात जराही शंका नाही. आणि टोपी उचलून निघून गेला.

त्याची गाडी वळल्याबरोबर मी पोरीवर तोंड टाकलं. तुला कळत नाही का, किल्ली आईला दिलीस कशी, तिकडे मलिंगारला एक माणूस दिवस मोजत बसलाय. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मी दिली नाही काकू. तिने मागितली नाही, मी दिली नाही. ती आपोआप तिच्याकडे गेली." आमच्या घरीही सगळ्या किल्ल्या अशाच आपोआप जात असत.

आई हे सगळं ऐकत उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, कोण माणूस, कसले दिवस. मी रागातच सगळं सांगितलं. म्हातारबा, त्यांचे हात, कुणालाच नको असलेली रायफल, मुदत, आणि मुदतीनंतर काय होणार ते. आईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माह्यामुळे त्या बुढ्याचं काम अडलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मले त्यायच्या घरी न्या."

मी खूप समजावलं, त्याने काही होणार नाही, ते काही रागावलेले नाहीत, त्यांना अजून कळवलेलंही नाही. पण ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन तोंड दाखवायचं, हे त्यांच्या हाडात होतं. लाडवांचा डबा कपाटातून बाहेर निघाला आणि पुढच्या शनिवारी माय-लेकी मलिंगारला हजर झाल्या.

म्हातारबा तेव्हा मागच्या खोलीत होते. रायफल सुटी करून तिचं लाकूड त्यांनी टेबलावर घेतलं होतं आणि त्यावर तेल चोळत होते. कापायला जाणार असली तरी नीट तयार होऊन जाईल, असं त्यांचं म्हणणं. मी आईंच्या वतीने माफी मागितली. किल्ल्यांचा किस्सा सांगितला तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. "ग्रँड," म्हणाले, "लाडू सुरक्षित होते ना?" पण हसून झाल्यावर त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. ती आईंनीही पाहिली.

आई खोलीत आल्यापासून नाकाने काहीतरी हुंगत होत्या. टेबलाजवळ जाऊन त्यांनी बाटलीच्या तोंडाला बोट लावलं आणि वास घेतला. "हे तं जवसाचं तेल हाय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे भाजीत घालतेत." खरंच होतं ते. लाकडाला पिढ्यान्पिढ्या हेच तेल लावतात. मी भाषांतर केलं तेव्हा म्हातारबांनी भुवया वर केल्या, आणि लाकडाला लावायचं तेल ही बाई खाते म्हणते याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त नवल वाटलेलं दिसलं. त्यांचा हात चोळताना थरथरत होता, फडकं सारखं घसरत होतं. आईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं. विचारलं नाही, बिचकल्या नाहीत. फडकं बाजूला ठेवलं, तळहातावर तेल घेतलं आणि तान्ह्या बाळाला लावतात तसं मनगटाच्या जोराने लाकडात जिरवायला लागल्या. थोड्या वेळाने आणखी तेल ओतायला लागल्या तेव्हा म्हातारबांनी बोटाने नको नको केलं. तेल थोडंच लावायचं असतं, वेळ जास्त द्यायचा असतो. त्या मुकाट्याने थांबल्या. मी आणि पोरगी स्वयंपाकघरात चहा करायला गेलो तेव्हा आतून एक शब्दही ऐकू येत नव्हता, दोघांची भाषाच वेगळी. पण अर्ध्या तासाने लाकडातल्या रेषा अशा वर आल्या होत्या की मी त्या लाकडाला कधी काळवंडलेलं म्हटलं याची मला लाज वाटली.

परतताना आईंनी गाडीत बसायच्या आधी जुडगा काढला, दोन्ही किल्ल्या सोडवून लेकीच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "कुठं ठेवशील थे मले सांगू नको."

गार्डा पुन्हा आला तेव्हाही मी गेले होते. त्याने कपाट बघितलं. रिकामं. दार ओढून बघितलं, भिंतीतले बोल्ट बघितले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एक प्रश्न आईंना विचारायचाय, आणि मुलीने भाषांतर करायचं नाही, तुम्ही करा. किल्ली कुठे आहे हे त्यांना ठाऊक आहे का?"

मी विचारलं. आई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. सासूने जुडगा हातात दिला त्या दिवसापासून घरातलं एकही कुलूप असं नाही ज्याची किल्ली मला अंधारात सापडत नाही, असं त्यांनी मला थोड्या वेळापूर्वीच पोहे परतताना सांगितलं होतं. "बाप्पा, लेकीच्या घरी मीच पाहुणी झाली," असंही म्हणाल्या होत्या, आणि लगेच, "बरं झालं. तिचं घर झालं म्हणायचं." आता गार्डाकडे सरळ बघून त्या म्हणाल्या, "मले मालूम नाई. तिचं तिले मालूम."

मी शब्दशः तेच सांगितलं. पोरगी खिडकीजवळ उभी होती, तिने ओठ दाताखाली धरला. गार्डाने मान हलवली आणि या वेळी पोहे दोनदा घेतले.

परवाना आला तेव्हा म्हातारबांची मुदत संपायला अगदी थोडे दिवस उरले होते. पोरीचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते आणि मी जी किंचाळले ती ऐकून शेजारची बाई धावत आली. माझा जीव भांड्यात पडला. म्हातारबांना सांगायला मी फोन केला नाही, घरी जाऊन कुंपणावरून सांगितलं. ते गवत कापत होते. त्यांनी यंत्र बंद केलं, "बरं," म्हणाले, आणि पुन्हा सुरू करायला विसरले.

रायफल पोहोचवायला ते स्वतः आले. दोघांचेही परवाने चालू होते तेवढ्यात हे करायचं होतं. माझ्या गाडीत मागे रायफल पिशवीत बांधलेली, तिचा बोल्ट वेगळ्या डब्यात, आणि ते पुढच्या सीटवर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. वाटेत पोरीसाठी सूचना सांगत होते. पावसात भिजली तर त्याच दिवशी पुसायची. लाकडाला वर्षातून एकदाच तेल. त्या स्क्रूला कधीही फार घट्ट पिळायचं नाही. मी म्हटलं, तिला हे सगळं मी शिकवलंय. ते म्हणाले, माहीत आहे, तरी सांगतो.

पाहुण्यांच्या खोलीत आम्ही चौघं मावत नव्हतो. आईंच्या बॅगा भरून तयार होत्या, दोन दिवसांनी त्यांचं विमान होतं. म्हातारबांनी कपाट हाताने हलवून बघितलं. सुतार माणूस, त्यांना भिंतीचाही भरवसा वाटत नाही. मग पिशवीतून रायफल काढली, रिकामी असल्याचं पोरीला दाखवलं, आणि तिने पुन्हा स्वतः तपासलं. त्यांना ते आवडलं. त्यांनी रायफल तिच्या हातात दिली.

आता पोरीला कपाट उघडायचं होतं, आणि त्यासाठी किल्ली काढायची होती. ती रायफल धरून तशीच उभी राहिली. खोलीत एक आई, एक म्हातारा माणूस आणि एक मी, आणि आमच्यातल्या कुणालाही तू बाहेर जा म्हणायची तिची प्राज्ञा नव्हती. आपल्या घरात मोठ्या माणसांना असं कोण सांगतं? ती लालेलाल झाली. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई पलंगावरून उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. म्हातारबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग तेही गेले आणि त्यांच्या शेजारी पाठ करून उभे राहिले. थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताने पाठीमागे धरला. मीही भिंतीकडे वळले. मला भरून आलं होतं, तेव्हा बरंच झालं.

बाहेर पाऊस होता, शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे होते, दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं. आमच्या मागे कुठेतरी काहीतरी सरकलं, कपाटाचं दार उघडलं, लाकूड आत टेकल्याचा आवाज आला. मग दार बंद झालं आणि कुलूप फिरलं. कुणीही वळलं नाही. शेवटी पोरीलाच म्हणावं लागलं, "आई, झालं. बघ आता."

आई वळल्या. म्हातारबा मात्र त्यानंतरही थोडा वेळ खिडकीबाहेरच बघत राहिले, आणि आम्ही त्यांना बघू दिलं.